वाडीच्या विहिरीचा निधी : एका लहान कथानकाच्या प्रकल्प नोंदी

१९ सप्टेंबर २०२४, गुरुवार

केवळ लिहून खेळल्या जाणाऱ्या आमच्या भूमिका-खेळात १८६५ सालची मुंबई उभी केलेली आहे. शेअरांच्या वेडाची आणि त्या वेडाच्या शेवटाची मुख्य कथा संचालक मंडळ चालवते. या मुख्य कथेच्या पोटात खेळाडूंनी स्वतः रचलेली आणि स्वतः चालवलेली लहान कथानके असावीत, असे आवाहन मंडळाने गणेशोत्सवाच्या आधी केले होते. त्यानुसार एक कथानक मी हाती घेत आहे.

कल्पना साधी आहे. गिरगावातल्या एका वाडीने विहिरीच्या दुरुस्तीसाठी वर्गणी जमवली. वाडीचे कारभारी नाना यांनी ती रक्कम कोणाला फारसे न विचारता बॅकबे रेक्लमेशन या समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपनीच्या शेअरात घातली. आता १ जुलै १८६५ या वायद्याच्या (ठरल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करण्याचे करार पुरे करण्याच्या) दिवसाआधी त्या कागदाचे काय करायचे, हे वाडीतल्या चार-पाच माणसांना ठरवायचे आहे. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये नळाने शहरात आले असले तरी वाड्यांमधल्या विहिरी वापरात होत्या, त्यामुळे विहिरीसाठी पैसे जमवणे त्या काळाशी सुसंगत आहे.

कथानक लहान ठेवण्याबद्दल माझे मत पक्के आहे. प्रसंग कमी असले म्हणजे कथानक लहान झाले, असे मी मानत नाही. त्याचा शेवट खेळाडूंच्या एका निर्णयाने होऊ शकला पाहिजे, आणि तो निर्णय घेताना त्यांना मंडळाच्या परवानगीची वाट पाहावी लागता कामा नये. शहर वाचवण्याची गोष्ट पाच खेळाडूंच्या हातात कधीच पूर्णपणे येत नाही, पण एका वाडीच्या निधीची गोष्ट येते.

लिहून खेळायच्या या प्रकाराची सुरुवात १९७८ मध्ये इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांच्या ‘मड’ या अनेकांनी संगणकावर एकत्र खेळायच्या खेळाने झाली. खेळाडूनेच जग रचायचे ही रीत मात्र रुळली ती १९८९ मध्ये जेम्स ॲस्पनेस यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात लिहिलेल्या टायनीमडमुळे. तिथे लढाईला आणि पातळ्या चढण्याला महत्त्व नव्हते. आलेला माणूस शब्दांतून खोल्या बांधू शकत होता आणि बाकीच्यांना त्या खोल्यांत बोलावू शकत होता. आज आम्ही इव्हेनिया या असे खेळ रचायच्या सॉफ्टवेअरवर उभारलेल्या खेळात जे करतो, त्याची मुळे तिथे आहेत.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

आजचा सगळा वेळ इतिहास आणि खेळ यांची हद्द आखण्यात गेला, आणि तो तसाच जायला हवा होता.

अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ मध्ये सुरू झाले, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला न भूतो असा भाव आला. त्या पैशातून बँका, वित्त कंपन्या आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीच्या शेअरचा भाव भरलेल्या रकमेच्या कित्येक पट वर गेला. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेच्या सैन्याचे जनरल ली यांनी शरणागती पत्करल्यावर कापसाचा आधार सुटला, आणि ज्या असंख्य वायद्यांची मुदत १ जुलैला होती ते त्या दिवशी पुरे करता आले नाहीत. प्रेमचंद रायचंदांसारखे मातब्बरही त्यातून सुटले नाहीत.

एवढे सर्व खेळाडूंना माहीत आहे, किंवा दोन मिनिटांत माहीत होऊ शकते. तेव्हा बाजार पडेल की नाही हा आमच्या कथानकाचा प्रश्न होऊच शकत नाही. ऐतिहासिक पार्श्वभूमीवरची अनेक लहान कथानके इथेच फसताना मी पाहिली आहेत. सूत्रधार, म्हणजे कथानक चालवणारा, एक भविष्य लपवून बसतो, खेळाडू आपल्या पात्रांना ते ठाऊक नसल्याचे सोंग आणतात, आणि सगळ्यांचे कष्ट त्या सोंगातच संपतात.

मग उघडे काय राहते, याचा विचार करताना एका गोष्टीपाशी मी थांबले. कागद विकायचा तर तो कोणीतरी विकत घेतला पाहिजे. वाडीचा निधी वाचवायचा असेल, तर १ जुलैला तो कागद दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असणार आहे. पात्रांना भविष्य माहीत नसले, तरी मे महिन्यात त्यांच्या मनात धास्ती असू शकते, आणि धास्ती वाटत असताना दुसऱ्याला माल विकणे हा खराखुरा नैतिक पेच आहे. त्यावर पाच शहाणी माणसे पाच वेगळी मते देतील. बाजाराचे काय झाले हे इतिहासाने ठरवून टाकले आहे, पण तो तोटा वाडीतल्या कोणी सोसायचा आणि कोणाच्या गळ्यात बांधायचा, हे कुठेही लिहिलेले नाही. कथानक या जागेत बसवायचे.

त्यासाठी सूत्रधाराचे एक पात्र लागेल: खानदेशातून कापूस विकायला आलेला आणि चढ्या भावाने हातात पैसा खुळखुळू लागलेला तुकाशेट. त्याला शेअर हवा आहे. तो मूर्ख नाही, लोभीही नाही. गावी परतण्याआधी मुंबईच्या भाग्यात आपलाही वाटा असावा, एवढीच त्याची इच्छा आहे.

२५ सप्टेंबर २०२४, बुधवार

मंडळाकडे अर्ज दिला. आमच्याकडे अर्जाचे रकाने थोडे आहेत: कथानकाचा आवाका, लागणारी पात्रे, मुख्य कथेला धक्का लागण्याची शक्यता, पात्रांना असलेला धोका, आणि संपल्यावर खेळाच्या जगात काय उरणार. शेवटचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जगावर काहीच खूण न सोडणारे कथानक खेळाडू एका आठवड्यात विसरतात, आणि फार मोठी खूण सोडणारे कथानक इतरांच्या अंगणात शिरते. मी लिहिले की वाडीची विहीर दुरुस्त झालेली किंवा पडकी दिसेल, आणि तुकाशेटच्या नशिबाचा जो निकाल लागेल तो कायम राहील.

प्रसंगांची क्रमवारी मी अर्जात दिली नाही. तिच्या जागी तीन गाठी दिल्या: निधी कुठे गेला हे वाडीला कळणे, कागदाची खरी स्थिती समजणे, आणि त्याचे काय करायचे ते ठरणे. प्रत्येक गाठीखाली कोणाला काय हवे आहे, आणि पात्रांनी हातही लावला नाही तर आपोआप काय घडेल, ते लिहिले. उदाहरणार्थ, कोणीच काही केले नाही तर नाना १ जुलैच्या आदल्या रात्री घर सोडतात आणि कागद वाडीच्या गळ्यात राहतो. असे एक वाक्य हाताशी असले की खेळाडू गोंधळून थांबले तरी जग थांबत नाही, आणि त्यांना ढकलण्याची वेळ सूत्रधारावर येत नाही.

२७ सप्टेंबर २०२४, शुक्रवार

मंजुरी मिळाली. अटी दोन आहेत. प्रेमचंद रायचंद किंवा गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यासारख्या खऱ्या व्यक्तींना पात्र म्हणून बोलते करायचे नाही, आणि वाडी काल्पनिकच ठेवायची. दोन्ही अटी योग्य आहेत.

२९ सप्टेंबर २०२४, रविवार

पाच खेळाडू ठरले, सहावे नाव प्रतीक्षेत ठेवले. ही संख्या हिशेबाने आली आहे. आमच्या खेळात एक पोज, म्हणजे पात्राच्या कृती-बोलण्याचा एका खेपेचा मजकूर, लिहायला सरासरी सात मिनिटे धरावी लागतात, कारण मराठीत टंकलेखन करताना अनेकांचा वेग कमी होतो. पाच खेळाडू आणि सूत्रधार यांनी पाळीपाळीने लिहायचे म्हटले, तर एक फेरी बेचाळीस मिनिटांची होते आणि तीन तासांच्या बैठकीत जेमतेम चार फेऱ्या बसतात. चार फेऱ्यांत माणसाला फार तर एक भूमिका मांडता येते आणि एकदा बदलता येते. आठ खेळाडू घेतले असते, तर प्रत्येकाला मत मांडण्यापलीकडे काहीच करता आले नसते.

पात्रे अशी आहेत: भागीरथी सुईण, एका छापखान्यात खिळे (छपाईची अक्षरे) जुळवणारा सखाराम, बोरीबंदरला रेल्वेत कारकून असलेले रघुनाथराव, माडांची बाग राखणारा धर्माजी भंडारी, आणि एका दलालाच्या पेढीवर हिशेब लिहिणारा फ्रामजी, जो वाडीत राहत नाही पण ज्याचे वाडीत रोजचे येणे-जाणे आहे. फ्रामजीला घेण्याचे कारण उघड आहे: बाजाराच्या आत पाय असलेले एक पात्र खेळाडूच्या हातात असले पाहिजे, नाहीतर बाजाराची सगळी माहिती सूत्रधाराच्या तोंडून यायची.

खेळ सुरू होण्याआधी पात्राबाहेरची एक बैठक घेतली. १८६५ सालची वाडी लिहायची म्हणजे जात, सोवळेओवळे, विधवांचे जिणे आणि बायकांवरची बंधने या गोष्टी येणारच. त्या पुसून टाकल्या तर तो काळ खोटा होतो, आणि मोकाट सोडल्या तर आज समोर बसून वाचणाऱ्या माणसाला त्या लागतात. बऱ्याच चर्चेनंतर असे ठरले की जातीमुळे दार बंद होणे, पंगत वेगळी बसणे, भागीरथीला ओटीवरच थांबवणे हे प्रसंगात येईल, पण जातिवाचक शिव्या कोणीही लिहिणार नाही. केशवपनाचा प्रसंग पडद्याआड राहील. जॉन स्टाव्रोपोलस यांनी टेबलावरच्या खेळांसाठी केलेल्या एक्स-कार्डाची कल्पना आम्ही घेतली: कोणीही पात्राबाहेर नुसते ‘थांबा’ लिहिले की कारण न विचारता तो धागा सोडून द्यायचा.

लिहून खेळताना हे अधिक जपावे लागते. समोर चेहरा नसतो, आवाज नसतो. एखाद्याने पंधरा मिनिटे काहीच लिहिले नाही, तर तो दुखावला आहे की चहा करायला गेला आहे, हे कळायला मार्ग नसतो.

वेळ रविवारी रात्री साडेनऊची ठरली. तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळचे पाच आणि न्यू जर्सीत दुपारचे बारा वाजलेले असतात.

२ ऑक्टोबर २०२४, बुधवार

खोल्या बांधल्या: वाडीचा चौक, विहिरीचा काठ, नानांची ओटी, टाऊन हॉलसमोरचे, दलाल जमतात ते वडाचे झाड, पेढीचा माडीवरचा भाग. वर्णने चार-पाच ओळींपेक्षा मोठी केली नाहीत, कारण खोलीत शिरताना लांब वर्णन वाचले जात नाही. प्रत्येक वर्णनात हाताळता येईल अशी एक तरी वस्तू ठेवली. विहिरीच्या काठावर निखळलेला दगड आहे, ओटीवर नानांची हिशेबाची वही आहे. गोविंद नारायण माडगावकरांचे १८६३ सालचे ‘मुंबईचे वर्णन’ शेजारी उघडे होते. त्या काळच्या शहराकडे मराठी डोळ्यांनी पाहण्यासाठी त्याहून जवळचा आधार मला माहीत नाही.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

पहिली बैठक चौकात झाली. धर्माजीच्या पोजने सुरुवात झाली आणि पुढचे पावणेतीन तास तिचा सूर टिकला:

‘धर्माजी रहाटाचा दोर वर ओढतो. बादली अर्धीच भरलेली आहे आणि पाण्यात चुन्याचे पोपडे तरंगत आहेत. तो काही न बोलता बादली नानांच्या ओटीसमोर नेऊन ठेवतो.’

चांगली पोज म्हणजे काय, हे नव्या खेळाडूला समजावताना मी यापुढे हीच दाखवणार आहे. तिच्यात पात्र काय करते ते आहे, आणि मनात काय चालले आहे ते लिहिलेले नाही. शिवाय समोरच्याला उत्तर देणे भाग पडेल अशी एक वस्तू ती मध्ये ठेवते. लगेच भागीरथीने बादलीत बोटे घालून ‘हे पाणी मी बाळंतिणीला देऊ?’ असे विचारले, रघुनाथरावांनी वर्गणीचा आकडा काढला, आणि नाना (म्हणजे मी) वही उघडायला तयार नसल्याचे अर्ध्या तासात सगळ्यांच्या ध्यानात आले. पहिली गाठ त्यांनी स्वतःहून सोडवली.

सक्तीची पाळी आम्ही ठेवली नाही. आपण लिहिल्यानंतर निदान तिघांनी लिहिल्याखेरीज पुन्हा लिहायचे नाही, हा अशा खेळांतला जुना नियम ठेवला. एखाद्याला काही सुचत नसेल तर बाकीचे अडकत नाहीत, आणि भराभर लिहिणाऱ्याच्या हातात सगळा प्रसंग जात नाही.

९ ऑक्टोबर २०२४, बुधवार

दोन बैठकांच्या मधले दिवस मोकळे ठेवले आहेत. या दिवसांत सवडीने, दिवसाला एक-दोन पोज लिहून, दोघादोघांचे प्रसंग चालतात. भागीरथी आणि नानांची सून यांचा असा प्रसंग काल संपला आणि त्यातून नानांनी नुसता शेअर घेतला नसून १ जुलैला आणखी एक घेण्याचा वायदाही केला आहे, हे बाहेर आले.

ही माहिती खेळाडूंपर्यंत पोचावी म्हणून मी ती तीन ठिकाणी ठेवली होती: सुनेकडे, फ्रामजीच्या पेढीतल्या वहीत, आणि सखारामच्या छापखान्यात आलेल्या एका जाहिरातीच्या मजकुरात. शोधाच्या खेळात प्रत्येक निष्कर्षाकडे जाणारे निदान तीन धागे असावेत, असे जस्टिन अलेक्झांडर यांनी मांडले आहे, आणि लिखित खेळात ते दुपटीने खरे आहे. इथे वाचताना एक ओळ सहज निसटते, आणि निसटली तर सूत्रधाराला भुवई उंचावून सुचवण्याचीही सोय नसते.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरी बैठक झाली. सर्वजण टाऊन हॉलसमोर दलालांच्या गर्दीत जातील असे मी धरले होते, आणि भावांचा गलका, तेजीवाले, मंदीवाले अशी तयारीही केली होती. रघुनाथरावांनी वाट बदलली. ‘शेअराचा भाव दलाल सांगेल तो असतो, कापसाचा भाव मात्र गासड्या सांगतात,’ असे म्हणत ते धर्माजीला घेऊन कुलाब्याच्या कापूस बाजाराकडे निघाले. कुलाब्याची खोली बांधलेलीही नव्हती.

खेळाडूने अशी वाट काढली की तिच्यामागे जायचे, असे मी मानते, कारण त्या वाटेमागचा विचार खेळाडूचा असतो आणि कथानक त्याच विचारासाठी उभे केलेले असते. पाच मिनिटांची विश्रांती मागून घेतली, तात्पुरती खोली उघडली, तिथे न उचललेल्या गासड्यांच्या थप्प्या आणि रिकामे बसलेले हमाल ठेवले. तुकाशेट वडाखाली भेटायचा होता. तो इथे, आपल्या मालाला गिऱ्हाईक शोधताना भेटला. कापूसवाला कापसाच्या बाजारात सापडणे वडाखालच्या भेटीपेक्षा अधिक स्वाभाविक झाले. एखादा धागा किंवा पात्र असे हलवणे मला गैर वाटत नाही. मात्र खेळाडूंनी एकदा पाहिलेली, ऐकलेली, लॉगमध्ये (खेळाच्या लेखी नोंदीत) आलेली गोष्ट मागाहून बदलायची नाही, ही मर्यादा मी कटाक्षाने पाळते.

बातमीच्या वाटेबद्दल सखारामच्या खेळाडूने चांगला प्रश्न काढला. अमेरिका आणि युरोप यांच्यामधली तार १८६६ पर्यंत चालू नव्हती, त्यामुळे लढाईची बातमी आधी आगबोटीने विलायतेला येणार. तिथून पुढे, इराणी आखातातली तार नुकतीच सुरू झालेली असल्यामुळे, ती कराचीमार्गे मुंबईस येणार. म्हणजे बातमी, अर्धी बातमी आणि अफवा यांच्यात काही आठवड्यांचे अंतर पडते. या अंतराचा उपयोग आम्ही असा केला की वाडीत बातमी केव्हा खरी मानली जाते, ते पात्रांच्या हालचालींवर ठेवले. सखाराम छापखान्यात असल्यामुळे त्याला ती इतरांआधी कळली, आणि पुढचे सारे त्यातून घडले.

१६ ऑक्टोबर २०२४, बुधवार

फ्रामजीच्या खेळाडूकडून काही दिवस निरोप नाही. अशा वेळी पात्राला मारणे किंवा मूर्खपणा करायला लावणे हा त्या माणसाच्या कामाचा अनादर आहे. फ्रामजी पेढीच्या कामासाठी सुरतेला गेला असे ठरवले, आणि त्याच्या वहीतल्या माहितीसाठी दुसरी वाट काढली. ते परत आले तर फ्रामजीही परत येईल.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

तिसरी बैठक. साडेतीन तास चालली, आणि त्यातला निम्मा वेळ विहिरीच्या काठावर चार पात्रे वाद घालत होती.

तुकाशेट शेअर आणि वायदा दोन्ही घ्यायला तयार आहे. पूर्ण भाव देतो आहे. रघुनाथरावांचे म्हणणे असे की बाजारात प्रत्येकजण आपल्या जबाबदारीवर उतरतो, तुकाशेट जाणता आहे, त्याला कोणी फसवत नाही. धर्माजीने कुलाब्यात जे पाहिले ते सांगितले आणि विचारले की हे आपण तुकाशेटला सांगणार आहोत का. सांगितले तर तो घेणार नाही, आणि न सांगता विकले तर ते कसले विकणे? भागीरथीची पोज इथे देते:

‘भागीरथी निखळलेल्या दगडावर बसते. “पन्नास घरांनी दिडकी दिडकी करून दिले. माझ्या दिडक्या बाळंतपणाच्या होत्या. त्या बुडाल्या तर मी रडेन. पण त्या माणसाच्या घरी कोण रडेल, ते मला बघायला लागणार नाही म्हणून विकायचे असेल, तर मला विचारू नका.”’

यानंतर कोणी आठ मिनिटे लिहिले नाही. मी मध्ये पडले नाही, कारण तो वेळ विचाराचा आहे हे स्पष्ट होते. शेवटी तिघे एका मतावर आले: विकायचे ते बाजाराची जोखीम ओळखणाऱ्या एखाद्या तेजीवाल्या दलालालाच, आणि निम्म्या भावात विकावे लागले तरी चालेल. सखाराम गप्प राहिला.

बैठक संपल्यावर सखारामच्या खेळाडूने मला खासगी निरोप पाठवला. सखारामने रात्रीच नानांकडून कागद मिळवून तुकाशेटला पूर्ण भावात विकावा, आणि उद्या दलालाने घेतला असे वाडीत सांगावे, असे त्याला वाटत होते. पात्र म्हणून ते पूर्णपणे पटण्याजोगे आहे: लढाई संपल्याची बातमी सर्वांत आधी त्याच्याच हाताखालच्या खिळ्यांतून गेली होती. पण तीन खेळाडूंनी तासन् तास घालून घेतलेला निर्णय चौथ्याने गुपचूप उलटवायचा, हे पात्रांमधल्या दगाबाजीपुरते राहिले पाहिजे, खेळाडूंमध्ये उतरता कामा नये. मी त्याला सांगितले की पात्रांपासून लपव, खेळाडूंपासून नको. त्याने स्वतःच तिघांना पात्राबाहेर कळवले. भागीरथीच्या खेळाडू ताईंनी एक दिवस मागून घेतला आणि मग होकार दिला, एका अटीवर, की हे उघडकीस येण्याचा प्रसंग भागीरथीसमोर घडावा.

अशा संमतीने नाट्य कमी होते, गुपित फुटल्यावर धक्का उरत नाही, असे मत मी जुन्या खेळाडूंकडून ऐकले आहे. मला ते पटत नाही. प्रेक्षकाला शेवट ठाऊक असलेली नाटके आपण पुन्हा पुन्हा पाहतो. खेळाडूला पुढचे माहीत असेल, तर तो आपल्या पात्राचे अज्ञान अधिक तन्मयतेने लिहू शकतो.

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

आज ब्रिटनमधली घड्याळे एक तास मागे गेली, पुढच्या रविवारी अमेरिकेतली जातील. मध्ये दिवाळी आहे. बैठक १० नोव्हेंबरला ठेवली, आणि निरोपात वेळ तिन्ही ठिकाणांची वेगवेगळी लिहिली: भारतात रात्री साडेनऊ, लंडनला दुपारी चार, न्यू जर्सीत सकाळी अकरा. फ्रामजीचे खेळाडू परतले. घरी आजारपण होते. फ्रामजी सुरतेहून येताना काय ऐकून आला, ते त्यांनी स्वतःच लिहावे असे कळवले.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

शनिवार, १ जुलै १८६५. पाऊस. फ्रामजीने पेढीवरून आणलेल्या खबरीने सुरुवात झाली: वायदे पुरे करायला कोणी येत नाही, आणि न आलेल्यांच्या यादीत तुकाशेटचे नाव आहे. मी फक्त तुकाशेटला वाडीच्या दारात आणून उभा केला. त्याला आरडाओरडा करायला लावणे सोपे होते, पण मी त्याला एकच प्रश्न दिला: ‘ज्याने मला कागद दिला, त्याला ठाऊक होते का?’ आणि उत्तर द्यायचे काम पात्रांवर सोडले.

रघुनाथराव म्हणाले, आम्ही दलालाला विकला. भागीरथीने सखारामकडे पाहिले. पुढचा दीड तास सूत्रधार म्हणून मला जवळजवळ काहीच लिहावे लागले नाही, आणि एवढ्यासाठीच हे सगळे रचले होते. सखारामने कबूल केले, पण पश्चात्ताप केला नाही. पन्नास घरांचे पैसे वाचवले, असे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. धर्माजीने निधीतली आपली वर्गणी परत मागितली आणि ती तुकाशेटच्या हातावर ठेवली. रघुनाथरावांनी तसे केले नाही, आणि का केले नाही याची त्यांची पोज या कथानकातली सर्वांत प्रामाणिक पोज आहे. ‘थांबा’ एकदाही लिहावे लागले नाही.

निकाल असा: निधी शाबूत, विहीर दुरुस्त होणार, तुकाशेट कर्जात, नाना कारभारीपदावरून दूर, आणि वाडीत पाण्याला न येणारी दोन घरे.

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

लॉग साफ केले. पात्राबाहेरचे बोलणे काढले, टंकनाच्या चुका सुधारल्या, कोणाच्याही पोजमधला आशय बदलला नाही. प्रत्येक खेळाडूने आपापला भाग वाचून होकार दिल्यावरच ते खेळाच्या दप्तरात ठेवले. चौकाचे आणि विहिरीचे वर्णन नवे लिहिले: काठ नव्या दगडाचा आहे, आणि नव्याने येणाऱ्या पात्राने कोणालाही विचारले तर तो कोणाच्या पैशांनी बांधला याची दोन उत्तरे मिळतील.

उरलेले धागे मंडळाच्या फलकावर लावले: नाना कुठे गेले, फ्रामजीच्या पेढीचे पुढे काय, तुकाशेटचे कर्ज कोण फेडणार. ज्याला उचलायचे असतील त्याने उचलावेत, माझी परवानगी विचारू नये.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

प्रतीक्षेत असलेल्या सहाव्या खेळाडूने तुकाशेटचा धाकटा भाऊ हे पात्र मंजूर करून घेतले आहे. भागीरथीच्या ताईंनी त्यावर नव्या कथानकाचा अर्ज दिला: भाऊ वाडीत बिऱ्हाड मागायला येतो आणि त्याला जागा द्यायची की नाही, हे विहिरीचे पाणी भरणाऱ्या घरांनी ठरवायचे. सूत्रधार त्या स्वतः आहेत. अर्जात ‘काय उरणार’ हा रकाना त्यांनी सर्वांत आधी भरला आहे. नानांच्या सुनेचे पात्र मी चालवावे असे त्यांनी विचारले, मी होकार कळवला आणि नानांच्या वहीची सगळी टिपणे त्यांच्याकडे सोपवली.